पुण्याहून इंदूरला डर्ट बाईक कशी आणावी? (नवीन भर: आणली, पण सुरू व्हायला फार त्रास देते)

मालवी माणूस

नमस्कार मंडळी. मी इंदूरचा, सुदामा नगरात राहतो. मुलगी सतरा वर्षांची आहे. महूच्या पुढे एका मित्राची शेती आहे, तिथल्या पडीक तुकड्यावर ती दोन वर्षांपासून त्यांच्याच जुन्या गाडीवर शिकते आहे. आता तिला तिच्या उंचीची, तिला पेलवेल अशी डर्ट बाईक, म्हणजे कच्च्या मातीवरच चालवायची मोटरसायकल, हवी होती. पुण्यात एका गृहस्थांकडे मिळाली. चार स्ट्रोक, एक सिलिंडर, १४० सीसीच्या आसपास, हवेवर थंड होणारी, कार्बोरेटरची, फक्त किक. टाकी लोखंडी. दिवे नाहीत, नंबर नाही.

व्यवहार ठरला, निम्मे पैसे दिले. आता अडलंय ते आणण्यापाशी. अंतर सुमारे ६०० किलोमीटर. नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर काढता येत नाही (मोटार वाहन कायदा १९८८, कलम ३९), म्हणजे ती माल म्हणूनच येणार. रेल्वे बरी, ट्रान्सपोर्ट बरा, की मीच भाड्याचा पिकअप घेऊन जाऊ? ज्यांनी हे केलं आहे त्यांनी कृपया तपशिलात लिहा. पट्टे कुठे अडकवायचे इथपासून मला काहीच माहीत नाही.

बडोदेकर

मी माझी नंबरवाली गाडी पुण्याहून बडोद्याला रेल्वेने आणली होती. इंदूर-दौंड गाडी पुण्यावरूनच जाते, तेव्हा तुम्हाला थेट सोय आहे. दोन प्रकार असतात. त्याच गाडीचं तुमचं तिकीट असेल तर बाईक लगेज म्हणून सोबत येते. तिकीट नसेल तर पार्सल, मग जागा मिळेल त्या दिवशी चढते.

टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, त्यात सवलत नाही. स्टेशनाबाहेर पॅकिंगवाले असतात, ते गोणपाट आणि पेंढा लावून सुतळीने गाडी शिवून देतात. एक गोष्ट मला तिथल्या हमालाने शिकवली. क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरचे क्लॅम्प किंचित सैल करून ठेवायचे. गाडी कुठे टेकली-आपटली तर लिव्हर फिरतं, तुटत नाही.

तुमची अडचण आरसीची (नोंदणी प्रमाणपत्राची) होईल. पार्सल ऑफिसात आरसीची प्रत मागतात आणि तुमच्या गाडीला ती नाहीच. आधी कुणालातरी पुणे स्टेशनावर पाठवून विचारून घ्या. गाडी शिवून स्टेशनावर नेल्यावर नकार मिळाला तर फार हाल होतात.

पुण्याची किक

आरसी नसलेल्या गाडीला कागद जास्त लागतात, कमी नाही. मूळ खरेदीच्या बिलाची प्रत घ्या. साधं विक्रीपत्र करा, त्यावर चेसिस नंबर, इंजिन नंबर, दोघांच्या सह्या, दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि तो छाप विक्रीपत्राला जोडा. वाटेत कुणी पिकअप थांबवला तर गाडी चोरीची नाही हे दाखवायला एवढं पुरतं.

सातारचा चिखल

मी दर महिन्याला गाडी पिकअपमधून नेतो-आणतो, तर बांधणीबद्दल सविस्तर लिहितो. गाडी पडते ती नेहमी बांधणीमुळेच.

पुढचं चाक हौद्याच्या पुढच्या भिंतीला सरळ टेकवायचं. चाक तिरकं राहिलं तर पहिल्या खड्ड्यात हँडल फिरतं आणि पट्टे सैल पडतात. पुढे दोन रॅचेट पट्टे, एक डावीकडे, एक उजवीकडे, खाली आणि पुढे ओढणारे, दोन्ही बाजूंना पसरलेले. शक्य असेल तर हँडलला न बांधता खालच्या टी-ला बांधा, म्हणजे जिथे फॉर्क (पुढच्या चाकाचे दोन दांडे) चिमटलेला असतो तिथे. हुक थेट लोखंडात अडकवू नका. मऊ कापडी फासा घ्या आणि त्यात हुक अडकवा. हुकाला कडी हवीच. उघडा हुक असेल तर गाडी खड्ड्यात दबते, पट्टा क्षणभर सैल होतो, हुक निसटतो आणि गाडी आडवी होते. माझी एकदा अशीच गेली, तेव्हापासून कडीशिवायचा हुक मी घरात ठेवत नाही.

पट्टे ओढताना फॉर्क दबतो. किती दाबायचा? निम्म्याच्या आतच. त्यासाठी पुढचं चाक आणि मडगार्ड यांच्यात लाकडाचा ठोकळा घालतात. ठोकळ्यामुळे फॉर्क ठरावीक जागी थांबतो, सीलवर ताण येत नाही, आणि पट्टाही खड्ड्यात सैल पडत नाही. मागून एक पट्टा चाकावरून आडवा, मागचा भाग उड्या मारू नये म्हणून. स्टँड वर घ्यायचा, स्टँडवर गाडी कधीच बांधायची नाही. नायलॉनची दोरी नको. ती ताणते, भिजली की आणखी ताणते.

निघाल्यावर वीस-पंचवीस किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा ओढा. पहिल्या टप्प्यातच सगळं बसतं आणि ढिलं होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पेट्रोलचा कॉक बंद करा आणि कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल खालच्या स्क्रूने काढून टाका. वाटीत पेट्रोल आणि वर कॉक चालू, अशी गाडी हादरत गेली की वाटीत तरंगणारा फ्लोट नाचतो, पेट्रोल अडवणारी सुई नीट बसत नाही आणि पेट्रोल वाट मिळेल तिकडे जातं.

रामबागकर

भिया, पट्टे सियागंजात मिळतील, पण शिवण बघून घ्या. एबी रोडने (आग्रा-मुंबई रस्त्याने) येणार असाल तर सेंधव्याच्या अलीकडे बिजासन घाटात पिकअपवाले जोरात असतात. घाट लागायच्या आधी एकदा पट्टे बघा. खलघाटला नर्मदेच्या पुलाआधी ढाबे आहेत, दुसरा थांबा तिथे घ्या. तिथून मानपूर चढलं की घर आलंच.

मालवी माणूस

सगळ्यांचे मनापासून आभार. रेल्वेचं जमलं नाही, आरसीवरच अडलं. मला रजाही मिळाली नाही. शेवटी एका ट्रान्सपोर्टकडे दिली. सातारकरांनी लिहिलेलं सगळं मी विक्रेत्यांना पाठवलं आणि गाडी चढवणाऱ्यांनाही फोनवर वाचून दाखवलं. दोघांनीही हो म्हटलं.

काल देवास नाक्याच्या गोदामात गाडी घ्यायला गेलो. गाडी डाव्या कुशीवर पोत्यांच्या थप्पीला रेललेली होती. वाटेत दुसरा माल भरला तेव्हा पट्टे काढले होते आणि परत बांधले नव्हते. क्लचचं लिव्हर वाकलं आहे. इंजिनाखालच्या पोत्यावर ताटाएवढा ओला डाग, नाक जवळ नेलं तर पेट्रोल. कॉक चालूच होता. निघताना टाकीत तीन लिटर असल्याचं विक्रेत्यांनी सांगितलं होतं, आता जेमतेम एक.

घरी आणली, कॉक चालू, चोक ओढला, किक मारली. चाळीस-पन्नास किका झाल्या असतील. एकदाही फट्‌ नाही. मुलगी शाळेतून आली तेव्हा मी अंगणात बसलो होतो. तिने गाडीभोवती एक फेरी मारली, काही बोलली नाही. ते मला फार लागलं. कृपया सांगा, कुठून सुरुवात करू?

गॅरेजवाले काका

किक मारणं आत्ताच थांबवा. एकही मारू नका.

मी इंदूरलाच पस्तीस वर्षं दुचाकी दुरुस्तीचं काम केलं. तुम्ही जे लिहिलंत त्यावरून तुमचं दोन लिटर पेट्रोल फक्त पोत्यावर गेलेलं नाही. गाडी आडवी, कॉक चालू, म्हणजे काही पेट्रोल ओव्हरफ्लोच्या नळीतून बाहेर आणि काही इनटेकमधून सिलिंडरात. सिलिंडरातून पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली, थेट ऑइलात. पेट्रोल मिसळलेलं ऑइल पातळ होतं, बेअरिंग आणि कॅम यांना धरत नाही. असं इंजिन सुरू झालं तर ते नशीब नाही, नुकसान आहे.

ऑइलची काडी काढा, बोटांत ऑइल चोळा, वास घ्या. पातळी खुणेच्या वर असेल आणि पेट्रोलचा वास असेल तर सगळं ऑइल काढून टाका. मग स्पार्क प्लग काढा. प्लगच्या भोकावर फडकं धरा, किल स्विच बंद, प्लगची टोपी दूर बाजूला, आणि सावकाश आठ-दहा किका. सिलिंडरात साठलेलं पेट्रोल फवाऱ्यासारखं बाहेर येईल. आजूबाजूला देवघरातला दिवासुद्धा नको, अंगणातच करा. नवं ऑइल भरा. नवा प्लग लावा, फट मॅन्युअलप्रमाणे, बहुतेक गाड्यांना ०.७ ते ०.८ मिलिमीटर असते.

एवढं करून मला कळवा. मग पुढचं पाहू.

तिसरा गिअर

काकांनी सांगितलंय त्यात एक जोडते. प्लग काढल्यावर त्याचं तोंड नीट बघा आणि फोटो टाका. कोरडा काळा काजळीसारखा असेल तर मिश्रण घट्ट होतं, ओला असेल तर पेट्रोल जास्त, पांढरट असेल तर पेट्रोल कमी. किक न मारता गाडी जे सांगते ते प्लगवरच लिहिलेलं असतं. मी मुलींना गाडी शिकवते, पहिल्या आठवड्यात पाना धरायला आणि प्लग वाचायला शिकवते. तुमच्या मुलीलाही शेजारी बसवा. गाडी तिची आहे.

मालवी माणूस

काका, ऑइल काढलं. मापाच्या बरणीत धरलं. मॅन्युअलात एक लिटरच्या आसपास लिहिलं आहे, निघालं सव्वा लिटरहून जास्त, आणि चहासारखं पातळ. प्लग ओलाचिंब. प्लग काढून किक मारल्यावर फडकं भिजलं.

ताईंचं ऐकून मुलीला सोबत घेतलं. नवा प्लग तिनेच लावला. आधी हाताने पूर्ण फिरवला, मग पान्याने थोडा.

नवं ऑइल, नवा प्लग, कार्बोरेटरची वाटी रिकामी करून ताजं पेट्रोल. सहाव्या किकला सुरू झाली! पण चोक ओढलेला असेल तोवरच चालते. चोक बंद केला की दोन सेकंदांत मरते. आयडलचा स्क्रू आत फिरवून पाहिला, फरक नाही. ॲक्सिलरेटर धरून ठेवला तर चालते, सोडला की सायलेन्सरमधून फटफट आवाज येऊन बंद.

पुण्याची किक

मेन जेट (कार्बोरेटरमधलं, पेट्रोल मोजून सोडणारं मुख्य भोक) मोठा टाकून बघा. पेट्रोल कमी पडतंय.

गॅरेजवाले काका

पेट्रोल कमी पडतंय हे बरोबर, पण मेन जेटला हात लावू नका. मेन जेट अर्ध्या ॲक्सिलरेटरच्या पुढे काम करतो. बंद ॲक्सिलरेटरवर आणि किक मारताना इंजिन स्लो जेटवर जगतं. चोकवर चालणं आणि चोक बंद करताच मरणं म्हणजे स्लो जेट तुंबलेला, किंवा कुठून तरी जास्तीची हवा आत येते आहे.

जास्तीची हवा आधी तपासा, ते सोपं आहे. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधलं रबर जुन्या गाडीत चिरतं. गाडी चालू ठेवून रबरावर बाहेरून कार्ब क्लीनरचा थोडा फवारा मारा. इंजिनाचा आवाज बदलला तर तिथूनच हवा ओढते आहे. सायलेन्सर तापलेला असतो, फवारा त्यावर जाऊ देऊ नका.

रबर चांगलं निघालं तर कार्बोरेटर खोला. वाटी काढली की दोन पितळी जेट दिसतील. मोठा मेन, आणि शेजारी खोल भोकात बसलेला बारीक तो स्लो. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असतं. बाहेर काढून ट्यूबलाइटकडे धरून पाहा. पलीकडचा प्रकाश गोल दिसला पाहिजे. दिसला नाही तर पोलादी तार घालू नका, भोक मोठं होईल आणि मग कधीच नीट बसणार नाही. विजेच्या मऊ वायरमधला तांब्याचा एक पातळ तंतू घ्या, क्लीनर मारा, मग कॉम्प्रेसरची हवा. फ्लोटची सुईही काढून पाहा, तिच्या टोकावर गोल खाच पडलेली असेल तर बदला.

आणि खोलण्याआधी मिश्रणाचा स्क्रू हळूच पूर्ण आत फिरवून किती फेरे जातात ते मोजून लिहून ठेवा. परत बसवताना तेवढाच बाहेर काढायचा. जोराने घट्ट करू नका, टोक चेपतं.

मालवी माणूस

रबर चांगलं निघालं. कार्बोरेटर रविवारी दुपारी खोलला, स्टीलच्या ताटात. जे दिसलं ते लिहितो.

वाटीच्या तळाशी विटकरी रंगाची बारीक भुकटी, कुंकवाइतकी बारीक. बोटाला लावली तर खरखरीत. तिच्या खाली हिरवट पांढरा पापुद्रा पितळेला धरलेला. ताट तिरकं केलं तेव्हा उरलेल्या पेट्रोलाखाली वेगळा थर सरकताना दिसला, पाण्यासारखा. स्लो जेट ट्यूबलाइटकडे धरला तर पूर्ण अंधार. सुईच्या रबरी टोकावर नखाने लागेल अशी खाच, आणि खाचेत त्याच विटकरी भुकटीचा एक कण रुतलेला.

मग टाकीत टॉर्च मारला. आतून तळाशी सगळीकडे गंज.

आता मला सगळं एका ओळीत दिसतंय. गाडी पुण्यात कित्येक महिने उभी होती, गंज तळाशी शांत बसून होता. ६०० किलोमीटरच्या हादऱ्यांनी तो उठला, कॉक चालू असल्यामुळे खाली उतरला, एक कण सुईखाली अडकला म्हणून पेट्रोल थांबलं नाही, आणि बाकीचा स्लो जेटमध्ये जाऊन बसला. एकाच मातीने एकीकडे पेट्रोल बंद होऊ दिलं नाही आणि दुसरीकडे येऊ दिलं नाही. काका, हे बरोबर आहे ना?

गॅरेजवाले काका

अगदी बरोबर. आणि म्हणून नुसता जेट साफ करून थांबू नका. टाकी साफ केली नाही तर पंधरा दिवसांत याच जागी परत याल. टाकी उतरवा, कॉक काढून भोक बंद करा, कोमट पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवून रात्रभर भरून ठेवा. सकाळी ओता, मूठभर छोटे नट टाकून हलवा, गंज सुटेल. मग पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, म्हणजे आंबट उरलेलं मरतं. नट सगळे मोजून बाहेर काढा. लगेच वाळवा, उन्हात आणि हवा मारून, आणि वाळताच आत थोडं ऑइल मिसळलेलं पेट्रोल फिरवा. ओली टाकी अर्धा दिवस तशीच राहिली तर पुन्हा लाल होते. कॉकच्या खाली एक छोटा फिल्टर बसवा, सुई नवी टाका.

तिसरा गिअर

तो खालचा थर इथेनॉल आणि पाण्याचा आहे. २०२३ पासून आपल्याकडे पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं आणि आता तेच सगळीकडे आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पाणी एका मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्यासोबत खाली बसतं. रोज चालणाऱ्या गाडीत हा प्रश्न येत नाही, टाकी रिकामी होतच राहते. महिना-दोन महिने उभ्या राहणाऱ्या डर्ट बाईकला मात्र तो खालचा थर घातक, कारण कार्बोरेटर आणि टाकी दोघांचंही तळ तोच खातो. गाडी तीन आठवड्यांहून जास्त उभी राहणार असेल तर वाटी रिकामी करा. लोखंडी टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवा, आत हवाच राहिली नाही तर दव कुठून येईल?

जुन्या नळ्याही बदला. त्या काळचं रबर इथेनॉलने फुगतं.

सातारचा चिखल

मालवी भाऊ, वाचून वाईट वाटलं. एवढं लिहिलं आणि पट्टे मधेच काढले. पुढच्या वेळी जाताना कॉक स्वतः बंद करून त्यावर टेप गुंडाळा, म्हणजे कुणी हात लावला तर कळेल.

मालवी माणूस

पंधरा दिवसांनी लिहितो आहे. टाकी काकांनी सांगितल्याप्रमाणे साफ केली, दोन वेळा. नवी सुई, नवा फिल्टर, नव्या नळ्या. थंड गाडी आता चोकवर तिसऱ्या-चौथ्या किकला सुरू होते आणि चोक बंद केल्यावर छान टिकते. पहिल्यांदा ती शेतावर अर्धा तास सलग चालली तेव्हा मुलीने बांधावर येऊन हेल्मेट काढलं, ते हसणं मी विसरणार नाही.

पण आता वेगळं चालू झालं. गरम असताना बंद पडली की सुरू होत नाही. उतारावर तिचा क्लच सुटला, गाडी बंद पडली, आणि मग वीस मिनिटं किका मारून काही नाही. थंड झाली की पुन्हा पहिल्यासारखी. असं तीनदा झालं.

पुण्याची किक

इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी). गरम झाल्यावर आतली तार तुटक होते. माझ्या गाडीला हेच होतं, कॉइल बदलली, प्रश्न संपला.

बडोदेकर

माझ्या मते फ्लडिंग. बंद पडताना हातून ॲक्सिलरेटर वळतो, पेट्रोल जास्त जातं. अशा वेळी चोक बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा धरून आठ-दहा किका मारायच्या, जास्तीचं पेट्रोल निघून जातं. मग ॲक्सिलरेटर सोडून एक शांत किक.

गॅरेजवाले काका

दोन्ही शक्य आहेत. पण अंदाजावर कॉइल विकत घेऊ नका. ज्या क्षणी गाडी सुरू होत नाही, तेव्हाच, शेतावर, तापलेल्या इंजिनावर ठिणगी पाहा. जुना चांगला प्लग टोपीत लावून त्याचं लोखंड हेडला टेकवा, प्लगच्या भोकापासून लांब, आणि किक मारा. जाड निळी ठिणगी असेल तर कॉइल निर्दोष. बारीक केशरी असेल किंवा नसेलच तर कॉइल, टोपी, मग मॅग्नेटच्या आतली पिकअप कॉइल (ठिणगी केव्हा पडायची ते सांगणारी). ती थंड झाल्यावर पाहिली तर काहीच कळणार नाही, कारण थंड झाल्यावर गाडी सुरू होतेच आहे.

मालवी माणूस

पाहिली. गरम गाडीवर ठिणगी जाड, निळी, टकटक आवाज येणारी. बडोदेकर दादांची उघड्या ॲक्सिलरेटरची पद्धतही केली, फरक नाही. प्लग ओला नव्हता.

परत येताना पिकअपमध्ये मुलगी म्हणाली, "बाबा, गरम असताना किक हलकी लागते. सकाळी पायाखाली अडते तशी तेव्हा अडत नाही." मी इतक्या किका मारल्या पण मला हे जाणवलं नव्हतं. काका, याचा काही अर्थ आहे का?

गॅरेजवाले काका

मुलीला माझा आशीर्वाद सांगा. तिने दोष पकडला.

किक हलकी म्हणजे दाब बाहेर पडतोय. गरम झाल्यावरच हलकी, म्हणजे व्हॉल्व्ह, सिलिंडरची उघडझाप करणारी झडप. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबून उघडणारा रॉकर यांच्यामध्ये केसाएवढी फट ठेवलेली असते, कारण तापला की व्हॉल्व्ह लांब होतो. वर्षानुवर्षं वापरात व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत थोडा थोडा आत रुतत जातो आणि ही फट मिटत जाते. थंड असताना जेमतेम शून्य उरलेली फट गरम झाल्यावर उणे होते, म्हणजे व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. दाब निसटतो, किकच्या मंद वेगात इंजिन पेट घेत नाही. थंड झालं की व्हॉल्व्ह आखडतो, फट परत येते, गाडी सुरू. लोकांना वाटतं व्हॉल्व्हची फट वाढते आणि टिकटिक आवाज येतो. आवाज येणारा व्हॉल्व्ह बरा, तो सांगून तरी जातो. घट्ट होणारा गप्प राहतो, आणि तसाच चालवला तर एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जळतो.

फट मोजायची ती रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर. पिस्टन वरच्या टोकाला, आणि तोही दाबाच्या फेरीत, दोन्ही रॉकर हाताने किंचित हलतात तेव्हा. मॅग्नेटच्या कव्हरच्या छोट्या खिडकीतून "टी"ची खूण जुळवा. फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पात्यांचा संच) घ्या आणि मॅन्युअलातला आकडा लावा. पातं घातल्यावर ओढताना चिमटीत कागद धरल्यासारखं लागलं पाहिजे, सैलही नाही, अडकलेलंही नाही. फट लावायच्या स्क्रूला पकडून ठेवणारा चेकनट आवळताना आतला स्क्रू थोडा फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजायचं. दोनदा मोजून एकदा चुकलेलं चालेल, न मोजता बंद करू नका.

मालवी माणूस

आमच्या मॅन्युअलात इनटेकला ०.०८ ते ०.१२ मिलिमीटर लिहिलं आहे. सकाळी सहाला, गाडी रात्रभर थंड, आम्ही दोघं बसलो. ०.०५ चं पातं इनटेकला शिरलंच नाही. माझ्या गेजमधलं सगळ्यात पातळ ०.०४ चं, तेही नाही. एक्झॉस्टची फटही मर्यादेपेक्षा थोडी कमी होती, तीही ठीक केली. इनटेक ०.१० ला लावलं. पहिल्यांदा चेकनट आवळल्यावर ०.०८ झालं, काकांनी सांगितलं होतं म्हणून परत मोजलं, परत लावलं.

पहिली किक मारायच्या आधीच पायाला फरक कळला. किक मधे अडली, जशी अडायला हवी.

काल शेतावर पाऊण तास चालवून तिने मुद्दाम उतारावर गाडी बंद पाडली. वाऱ्याला उभी न करता लगेच किक. दुसऱ्या किकला सुरू. मग आणखी दोनदा बंद पाडली. दोन्ही वेळा तेच.

काका, ताई, सातारकर, बडोदेकर दादा, पुणेकर, तुम्हा सगळ्यांचं ऋण आहे. हवेचा फिल्टर काल काढला तर फोममध्ये काळ्या मातीची धूळ घट्ट बसली होती. साबणाच्या पाण्यात धुऊन, वाळवून, फिल्टर ऑइल लावून बसवला. आता प्रत्येक दोन फेऱ्यांनंतर करणार.

तिसरा गिअर

मालव्याची काळी माती उन्हाळ्यात पिठासारखी उडते, दोन फेऱ्या ठीक आहे. धुळीच्या दिवशी एका फेरीनंतरच बघा. आणि तिला सांगा, किक हलकी की जड हे पायाला कळणं फार थोड्यांना जमतं.

रामबागकर

मालवी भाऊ, शेतावर आता कसं नेता? आमच्या भाच्याची गाडीही रविवारी महूकडे न्यायची आहे. छोटा हाथी ठरवलाय, पण चढवायची कशी हा प्रश्न आहे.

मालवी माणूस

छोट्या हाथीत बसते, मागचं फाटक खाली ठेवून. दोन लांब फळ्या जोडून रॅम्प केला आहे, वरच्या टोकाला लोखंडी पट्टीचा हुक मारला आहे म्हणजे फळी हौद्यावरून सरकत नाही. एकाने डावीकडून हँडल धरून चढायचं, दुसऱ्याने मागून ढकलायचं, इंजिन बंद. पट्टे चार घ्या, कडीच्या हुकाचे. फॉर्कमधला ठोकळा आम्ही जुन्या दाराच्या चौकटीचा कापला आहे, त्याच्या दोन्ही टोकांना सायकलच्या ट्यूबचं रबर लावलं आहे.

निघताना कॉक बंद करायचं काम मुलीचं. ती बंद करते, वाटी रिकामी करते आणि टेप लावते. रॅम्प शनिवारी संध्याकाळी घरून घेऊन जा, ठोकळाही देतो.